विधिमंडळातील दुसरी उमेदवारी

‘उमेदवारी’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभे राहणाऱ्याची उमेदवारी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या बातम्यांचा वृत्तपत्रांत कधी तोटा पडत नाही, आणि ती पदरात पडावी म्हणून माणसे काय काय करतात हेही वाचकांना सांगावयास नको. दुसरी उमेदवारी जुनी आणि मुकाट आहे. छापखान्यात खिळे जुळवावयास शिकणारा पोरगा, नामांकित वकिलाच्या कचेरीत कागदपत्रे नकलून काढणारा नवा सनदी, वैद्याच्या हाताखाली खल घोटणारा शिष्य, हे सारे उमेदवारी करीत. पगार नाही किंवा नावापुरता. पण चार वर्षांत धंदा हाती येई. विधिमंडळाशी आपण आजवर पहिल्या अर्थाची उमेदवारीच जोडीत आलो आहोत. तथापि दुसऱ्या अर्थाची उमेदवारीही तेथे करता येते, जगातील अनेक कायदेमंडळांत ती केली जाते, आणि गेल्या दीड दशकात आपल्या देशातही तिने मूळ धरले आहे. हल्ली तिला ‘इंटर्नशिप’ किंवा ‘फेलोशिप’ म्हणतात. नाव काहीही असो, वस्तू तीच आहे.

या उमेदवारीविषयी सुशिक्षित घरांतून एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. पदवी घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने वर्षभर एखाद्या खासदाराजवळ वा विधिमंडळात काम केले, तर पुढे सरकारी नोकरी मिळण्यास त्याचा काही उपयोग होतो काय? प्रश्न व्यवहारी आहे आणि रास्तही आहे. २०२४ सालच्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे ९ लक्ष ९२ हजार अर्ज आले आणि अखेरीस निवड झाली ती १,००९ जणांची. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून तरुणपणाची पाच-पाच, सहा-सहा वर्षे खर्ची घालणाऱ्या मुलांच्या घरी एका वर्षाची किंमत काय असते, हे ज्याने पाहिले आहे तो या प्रश्नाला हसणार नाही. परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येत नाही. अशा उमेदवारीने नोकरीवर कसलाही हक्क उत्पन्न होत नाही, आणि आमच्या मते तो होताही कामा नये. पण सरकारी कामाची जी समज या उमेदवारीतून येते, ती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या थोड्या काळात येत नाही. ही दोन विधाने वरवर परस्परविरोधी वाटतील. ती तशी नाहीत, एवढेच आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

आज उपलब्ध काय आहे, ते प्रथम पाहू. दिल्लीत २००५ साली स्थापन झालेल्या ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ या बिगरसरकारी संस्थेने २०१० साली खासदारांना तरुण साहाय्यक देण्याचा उपक्रम सुरू केला. ‘लॅम्प’ या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. पंचविशीच्या आतील पदवीधर निवडून एकेका खासदाराबरोबर एकेकाला जोडून द्यावयाचे, आणि पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत त्याने प्रश्न, भाषणांची टिपणे, विधेयकांचे विश्लेषण यांत हातभार लावावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. लोकसभेनेही या बाबतीत पाऊल टाकले. चिपळूणच्या कन्या आणि इंदूरच्या खासदार सुमित्रा महाजन अध्यक्षस्थानी असताना, २०१५ साली, सदस्यांना संशोधनसाहाय्य देणारा ‘स्पीकर्स रिसर्च इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम उभा राहिला, आणि त्याच्या आधाराने विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीच्या इंटर्नशिपही निघाल्या. महाराष्ट्रात २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिप आली; २०१९ च्या सत्ताबदलानंतर ती बंद पडली आणि २०२३ साली पुन्हा सुरू झाली. परंतु ती मंत्रालयाची म्हणजे कार्यकारी शाखेची आहे, विधिमंडळाची नव्हे. विधिमंडळापाशी आहे तो नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात भरणारा संसदीय अभ्यासवर्ग. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा तो विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी भरविते. अभ्यासवर्ग स्तुत्य आहे, पण तो काही दिवसांचा. मुले व्याख्याने ऐकतात, प्रेक्षक-सज्जातून सभागृह पाहतात आणि गावी परततात. त्याला उमेदवारी म्हणता येणार नाही. फार तर देवदर्शन म्हणता येईल.

अशा उमेदवारीतून मोठी कारकीर्द घडते, याची उदाहरणे बहुधा अमेरिकेची दिली जातात, आणि ती खोटी नाहीत. लिंडन जॉन्सन हे ह्यूस्टनच्या एका शाळेत वक्तृत्व शिकविणारे मास्तर. १९३१ साली ते क्लेबर्ग नावाच्या प्रतिनिधीचे चिटणीस होऊन वॉशिंग्टनला गेले. मतदारांच्या पत्रांना उत्तरे लिहिता लिहिता सरकारी यंत्रणेची प्रत्येक खुंटी त्यांना ठाऊक झाली. १९३५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, टेक्सासमधील राष्ट्रीय युवक प्रशासनाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. १९३७ साली ते स्वतः प्रतिनिधी झाले आणि १९६३ साली राष्ट्राध्यक्ष. मिच मॅकॉनेल यांनी १९६४ साली सिनेटर कूपर यांच्याकडे उमेदवारी केली आणि पुढे सिनेटमध्ये आपल्या पक्षाचे नेतृत्व दीर्घकाळ केले. डिक चेनी १९६८ साली काँग्रेसमध्ये फेलो म्हणून आले. १९६९ साली त्यांना प्रशासनात जागा मिळाली, १९७५ साली ते राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले आणि २००१ साली उपराष्ट्राध्यक्ष. कमला हॅरिस यांनी १९८४ साली कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्रॅन्स्टन यांच्या कार्यालयात इंटर्न म्हणून काम केले. २०१६ साली सिनेटची तीच जागा त्यांनी निवडणुकीत जिंकली.

ही नावे वाचून आपल्याकडील एखाद्या तरुणाला स्फुरण चढले तर त्यात नवल नाही. पण तेथील घडी वेगळी आहे, हे त्याने विसरू नये. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील प्रत्येक सदस्याला १८ पर्यंत कायम कर्मचारी नेमता येतात. आज बिनपगारी काम करणारा मुलगा उद्या तेथेच पगारावर लागू शकतो. शिवाय राष्ट्राध्यक्ष बदलला की प्रशासनातील सुमारे चार हजार राजकीय नेमणुकाही बदलतात, आणि त्या भरताना काँग्रेसच्या कार्यालयांत तयार झालेली माणसे हाताशी असतात. उमेदवारी आणि सरकारी पद यांच्यामधला पूल तेथे आहे तो असा. त्या पुलाखालून सत्तेच्या राजकारणाचे पाणी सतत वाहत असते, हेही उघडच आहे.

या संदर्भात अमेरिकन इतिहासातील एक फारसे परिचित नसलेले प्रकरण लक्षात घेण्यासारखे आहे. वशिल्याच्या नेमणुकांना आळा घालण्यासाठी त्या देशाने १८८३ साली स्पर्धा परीक्षेवर आधारलेली नागरी सेवा निर्माण केली. पुढे १९४० सालच्या रॅम्स्पेक कायद्याने तिला एक खिडकी ठेवली. काँग्रेसच्या सेवेत तीन वर्षे काढलेल्या आणि आपला दोष नसताना नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्याला स्पर्धेवाचून नागरी सेवेत शिरता येऊ लागले. हेतू दयेचा होता. सदस्य निवडणूक हरला की त्याची सारी कचेरी रस्त्यावर येई. त्या माणसांच्या अनुभवाचा देशाला लाभ व्हावा, हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. परंतु कालांतराने त्या खिडकीवर टीका होऊ लागली. पराभूत पक्षाची माणसे मागल्या दाराने कायम नोकरीत घुसतात, ही तक्रार बळावली, आणि अखेर १९९५ साली केलेल्या कायद्याने ती सवलत रद्द करण्यात आली. ज्या देशात विधिमंडळीय उमेदवारीचे इतके कौतुक आहे, त्या देशानेही तिला नागरी सेवेतील आयता प्रवेश ठरू दिले नाही.

आपल्याकडे तर याहून अधिक सावध राहावयास हवे. वशिला हा शब्द आपल्या भाषेत फार वापरून गुळगुळीत झालेला आहे. आमदाराजवळ वर्षभर वावरलेल्या मुलाला त्या आधारावर सरकारी खुर्ची मिळू लागली, तर पहिल्याच वर्षी त्या उमेदवारीसाठी कोणाची मुले रांगेत उभी राहतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. संविधानाने लोकसेवा आयोग निर्माण केले ते याच भयास्तव. राखीव जागांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. केंद्र सरकारने वरिष्ठ पदांवर बाहेरून थेट भरती करण्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ जागांची जाहिरात दिली आणि आरक्षणाच्या मुद्द्यावर गदारोळ होताच काही दिवसांत ती मागे घेतली. आडवाटेने होणाऱ्या प्रवेशाविषयी समाजाच्या मोठ्या भागाला वाटणारी शंका निराधार नाही. पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांना परीक्षेचे दार उघडून मिळाले ते आता कोठे. शेजारी दुसरे दार काढण्याची भाषा त्यांना रुचावी तरी कशी?

आज या उमेदवारीनंतर मंत्र्यांच्या कार्यालयांत विशेष कार्य अधिकारी म्हणून किंवा खात्यांत कंत्राटी सल्लागार म्हणून काहींची वर्णी लागते, हे खरे आहे. त्यात गैर काही नाही. पण मंत्री गेला की अशी जागाही गेली, ही गोष्ट मुलांना कोणी आधी सांगत नाही. तिला सरकारी कारकीर्द म्हणणे म्हणजे धर्मशाळेला घर म्हणण्यासारखे आहे.

मग या उमेदवारीचा सरकारी सेवेला उपयोग तो कोणता? तो कळण्यासाठी एका तारांकित प्रश्नाचा प्रवास पाहणे पुरे आहे. समजा, एखाद्या जिल्ह्यातील आदिवासी वसतिगृहांतील मुलांना निर्वाह भत्ता वेळेवर मिळत नाही, अशी एका आमदाराकडे तक्रार आली. तिचा प्रश्न करावयाचा तर तो विधिमंडळाच्या ठरीव साच्यात बसवावा लागतो. अमुक महिन्यापासून भत्ता मिळालेला नाही, हे खरे आहे काय. असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय? हे लिहिणे दिसते तितके सोपे नव्हे. एक शब्द सैल पडला की उत्तर निसटते. प्रश्न सचिवालयाकडून खात्याकडे जातो, खात्याच्या कार्यासनाकडून आयुक्तालयाकडे, तेथून प्रकल्प कार्यालयाकडे. आणि उत्तर त्याच वाटेने, प्रत्येक पायरीवर थोडे थोडे गुळगुळीत होत, परत येते. ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ या दोन वाक्यांत महाराष्ट्राच्या प्रशासनाचा केवढा इतिहास दडलेला आहे, हे छापील प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळणाऱ्यास कळेल.

आता असा एक प्रश्न ज्याने स्वतः रचला आहे, त्याचे उत्तर हाती पडल्यावर ज्याने उपप्रश्न सुचविला आहे, मंत्र्याने दिलेले आश्वासन पुढे आश्वासन समितीपुढे कसे येते हे ज्याने पाहिले आहे, तो तरुण पाच वर्षांनी परीक्षा देऊन कक्ष अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी झाला, असे धरा. त्याच्या टेबलावर तसाच प्रश्न उलट बाजूने येईल. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी माणूस आहे आणि त्याच्याही मागे वसतिगृहातील मूल आहे, हे त्याला ठाऊक असेल. लोकलेखा समितीपुढे सचिवांना काय विचारले जाते हे पाहिलेला अधिकारी खर्चाची फाईल निराळ्या हाताने लिहितो. पुरवणी मागण्या कशा येतात, कपात सूचनेचा अर्थ काय, नियम करण्याचा अधिकार कायद्याने खात्याकडे सोपविला की त्या नियमांवर नजर कोण ठेवतो, या गोष्टी पुस्तकातून पाठ होतात, पण समजत नाहीत. आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असू तेव्हा विधेयकाची तीन वाचने मुलांकडून घोकून घेत असू. पुढे वार्ताहर-सज्जात बसल्यावर, एक महत्त्वाचे विधेयक गोंधळात काही मिनिटांत संमत होताना पाहिले आणि मग आपण मुलांना काय शिकविले नव्हते ते आमच्या ध्यानात आले.

परीक्षेच्या दृष्टीनेही हे ज्ञान वाया जात नाही. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेच्या मुख्य परीक्षेत संसद व राज्य विधिमंडळे, त्यांची रचना, कामकाज व विशेषाधिकार हा स्वतंत्र घटक आहे, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर खुणा करावयाच्या नसून स्वतःच्या शब्दांत मांडावयाचे असते तेव्हा पाहिलेले आणि पाठ केलेले यांतला फरक परीक्षकाला कळतोच. तथापि केवळ गुणांसाठी कोणी वर्ष घालवावे, असे आम्ही म्हणणार नाही. वर्षभर अभ्यासिकेत बसलेला मुलगा त्या एका पत्रिकेत कदाचित अधिक गुणही मिळवील.

एक सरकारी कारकीर्द मात्र अशी आहे की तिच्याशी या उमेदवारीचे नाते थेट आहे, आणि मध्यमवर्गीय घरांत तिचे नावही सहसा निघत नाही. ती म्हणजे खुद्द विधिमंडळाच्या सचिवालयातील सेवा. कलेक्टर व्हावे असे हजारोंना वाटते. संसदेचा महासचिव व्हावे असे वाटणारा मुलगा आम्हांला अजून भेटावयाचा आहे. संविधानाच्या ९८ व्या कलमाने संसदेला आणि १८७ व्या कलमाने राज्यांच्या विधिमंडळांना स्वतःचा, सरकारपासून अलग असा कर्मचारीवर्ग दिला आहे. हे दान सहज मिळालेले नाही. १९२५ साली विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले तेव्हा सभागृहाचे कारकून सरकारच्या खात्याचे नोकर होते. ज्या सरकारला जाब विचारावयाचा त्याच सरकारच्या माणसांनी सभागृहाचे कागद सांभाळावयाचे, असा तो प्रकार होता. विठ्ठलभाईंनी त्याविरुद्ध झगडा दिला, आणि जानेवारी १९२९ मध्ये कायदेमंडळाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. मूळ कोकणातील घराण्यातले ग. वा. मावळंकर पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९५० साली संसदेत संशोधन व संदर्भ शाखा सुरू झाली. आज संसदेची सचिवालये आपल्या जागा स्वतंत्र परीक्षा घेऊन भरतात. त्यांत संशोधन साहाय्यक आहेत, सभागृहातील प्रत्येक शब्द टिपणारे प्रतिवेदक आहेत, भाषणांचा तत्काळ अनुवाद करणारे दुभाषी आहेत, समित्यांचे अहवाल लिहिणारे अधिकारी आहेत. मराठीवर आणि इंग्रजीवर सारखेच प्रभुत्व असलेल्या तरुणाला याहून मानाचे काम कोणते? या कामाची आपल्याला आवड आहे की नाही, हे वर्षभराच्या उमेदवारीत कळते, आणि तेही परीक्षेपूर्वी कळते. ही सोय थोडी नव्हे.

खरे तर ही कल्पना आपल्याला अमेरिकेकडून उसनी घ्यावयाची गरज नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८८७ पासून न्यायमूर्ती रानडे यांच्यापाशी जी उमेदवारी केली, ती याच प्रकारची होती. सरकारी अहवाल वाचावयाचे, आकडे काढावयाचे, टिपण करावयाचे, ते गुरूंकडून दुरुस्त करून घ्यावयाचे आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेख लिहावयाचा. असे वर्षानुवर्षे चालले. १८९७ साली लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना आणि २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावरील पहिले भाषण करताना ही शिदोरी त्यांच्या कामी आली. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत असताना गरिबाच्या मिठावर एवढा कर कशासाठी, हा त्यांचा सवाल होता; १९०३ साली तो कर कमी करण्यात आला. या साऱ्या आकडेवारीमागे आणखी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शिक्षण खात्यातील शाळामास्तर. शाळा सांभाळून त्यांनी हिंदुस्थानच्या अर्थकारणाचा जो अभ्यास केला, तो गोखल्यांच्या भाषणांचा कणा होता. सभागृहात ते कधी बसले नाहीत. आज कोणत्याही कायदेमंडळात संशोधन-साहाय्यक म्हणून त्यांना पहिले आसन द्यावे लागेल. (मास्तरकीविषयी आम्हांला पक्षपात आहे, हे कबूल.)

गोखल्यांनी आपल्याला मिळाले ते इतरांना मिळण्याची व्यवस्थाही केली. १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदाला पाच वर्षे शिक्षण घ्यावे लागे. त्या समाजात १९०७ साली दाखल झालेले श्रीनिवास शास्त्री हे मद्रासचे हेडमास्तर. ते पुढे मद्रासच्या आणि वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद झाले आणि १९२७ साली दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून गेले. उमेदवारीतून सरकारी जबाबदारीपर्यंतचा हा देशी मार्ग होता. तो अभ्यासाचा होता, ओळखीचा नव्हता.

आता अडचणीचा भाग. गोखल्यांच्या समाजात सभासदाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या चरितार्थाची, बेताची का होईना, तरतूद होती. आजच्या उमेदवाराचे काय? बिनवेतन किंवा नावापुरत्या वेतनावर मुंबईत अथवा दिल्लीत वर्ष काढणे कोणाला परवडते? ज्याच्या आईबापांचे घर दादरला किंवा पार्ल्याला आहे त्याला. गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, हिंगोलीच्या मुलाला खोलीच्या भाड्यातच हात टेकावे लागतील. अमेरिकेने हा अनुभव घेतलेला आहे. १९७३ साली प्रतिनिधीगृहाने इंटर्नना वेतन देणारी एक योजना लिंडन जॉन्सन यांच्याच नावाने सुरू केली होती. १९९० च्या दशकात ती बंद झाली, आणि त्यानंतर सिनेटर-प्रतिनिधींच्या कचेऱ्या बहुतांशी बिनपगारी आणि म्हणून सुखवस्तू घरांतील मुलांनी भरल्या. त्यावर पुरेसा आरडाओरडा झाला तेव्हा कोठे २०१८ साली दोन्ही सभागृहांनी इंटर्नच्या वेतनासाठी स्वतंत्र तरतूद केली. चूक दुसऱ्याने करून दाखविली असताना ती आपण पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही.

महाराष्ट्राच्या कार्यकारी शाखेने निदान याबाबतीत कद्रूपणा केलेला नाही, हे मान्य करावयास हवे. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये २०२५-२६ साठी ६० जागा आणि प्रवासखर्च धरून दरमहा ६१,५०० रुपये अशी तरतूद करण्यात आली. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य असलेल्या विधिमंडळाने आपल्यासाठी ५० उमेदवार याच दराने घ्यावयाचे ठरविले, तर वर्षाचा खर्च ३ कोटी ६९ लक्ष रुपये येईल. राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधावयास भिंग लागेल. आमदाराला सरकारी खर्चाने एक स्वीय सहायक मिळतो खरा; पण बिचाऱ्याचा दिवस शिफारसपत्रे, बदल्यांचे अर्ज, लग्नाच्या निमंत्रणांची उत्तरे आणि साहेबांचा दौरा यांतच संपतो. शंभर पानांचे विधेयक आदल्या रात्री हाती पडले तर ते वाचून सदस्याला सांगणार कोण? याचा परिणाम असा की माहितीच्या बाबतीत विधिमंडळ मंत्रालयापुढे नेहमी दोन पायऱ्या खाली उभे असते, आणि मग तेथे माहितीची जागा आवाज घेतो.

यासाठी पैशापेक्षा रचनेचा विचार अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवा. ही उमेदवारी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाकडे नव्हे, तर विधानसभेचे अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती यांच्या संयुक्त अधिकाराखाली असली पाहिजे. नाही तर सरकार बदलले की ती बंद आणि परतले की पुन्हा सुरू, हा २०१५ ते २०२३ या काळातला अनुभव तिच्याही वाट्याला येईल. विधान भवनात कै. वि. स. पागे यांच्या नावाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते, आणि रोजगार हमीची कल्पना त्यांची. महाराष्ट्राने १९७७ साली तिचा कायदा केला आणि देशाला तसा कायदा करावयास २००५ साल उजाडले. या योजनेला त्या केंद्रासारखे दुसरे योग्य घर नाही. निवड खुल्या लेखी परीक्षेने व्हावी, तिला आरक्षणाचे नियम लागू असावेत, आणि उत्तरे मराठीत लिहिण्याची पूर्ण मोकळीक असावी. उमेदवाराला एकाच आमदाराच्या हवाली न करता वर्षाचा मोठा भाग लोकलेखा, अंदाज, आश्वासन यांसारख्या समित्यांच्या कामाला जोडावे. समित्यांत सर्व पक्षांचे सदस्य असतात, त्यामुळे मुलाच्या अंगाला एकाच पक्षाचा रंग लागण्याची भीती कमी होते. उरलेल्या काळात तो सदस्यांबरोबर काम करील, पण मतदारसंघात सभेच्या खुर्च्या मांडण्यास नव्हे.

पक्षीय रंगाचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सरकारी नोकर कोणत्याही पक्षाचा असता कामा नये, आणि बाविशीतील मूल ज्याच्याजवळ बसते त्याच्यासारखे बोलू लागते. परंतु आपल्या विद्यापीठांतून, वसतिगृहांतून, गणेशोत्सव मंडळांतून येणारा परीक्षार्थी आज तरी कोठे कोरा असतो? समितीच्या टेबलाभोवती विरोधी पक्षाचा अध्यक्ष आणि सरकार पक्षाचा सदस्य एकाच लेखापरीक्षा अहवालावर एकमताने सही करताना ज्याने पाहिले आहे, त्याच्या मनावर पक्षाची पकड उलट सैल पडण्याचाच संभव अधिक.

पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलाच्या किंवा मुलीच्या मनात असे वर्ष काढावयाचे असेल तर प्रमाणपत्राकडे पाहून होकार देऊ नका आणि प्रमाणपत्राला किंमत नाही म्हणून नकारही देऊ नका. तेथे काम काय करावे लागेल, शिकविणारे कोण आहेत, आणि चरितार्थ चालेल काय, हे तीन प्रश्न विचारा. परीक्षेच्या वयाची मर्यादा हाताच्या बोटांवर मोजा. स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर विरंगुळा म्हणून हे वर्ष घेण्यात अर्थ नाही. पदवीनंतर लगेच घेण्यात आहे.

आणि पीठासीन अधिकाऱ्यांना एक विनंती. येत्या हिवाळी अधिवेशनात नागपूरला अभ्यासवर्गासाठी मुले नेहमीप्रमाणे येतील, व्याख्याने ऐकतील, विधान भवनाच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढून घेतील. त्यांच्यातील पन्नास जणांना परतीचे तिकीट काढू न देता पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी मुंबईला बोलावता येईल काय, याचा निर्णय ती मुले नागपुरात असतानाच जाहीर व्हावा. त्यासाठी कायदा लागत नाही. अध्यक्ष आणि सभापती यांची एक बैठक आणि पुरवणी मागण्यांतील एक ओळ पुरे आहे.